दोन बेटे, वटवाघळे आणि आपला फळबाजार

पुण्याच्या मार्केट यार्डात येते ते शाबूत फळ. रात्री वटवाघळांनी कुरतडलेला आंबा बागेतच पडून राहतो आणि त्याचा तोटा बागायतदाराला सोसावा लागतो. घरात वटवाघूळ शिरणे अशुभ, ही समजूत तर जुनीच. महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांमध्ये निपाह विषाणूच्या खुणा आढळल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२१ मध्ये जाहीर केल्यावर या तिरस्कारात भीतीची भर पडली. पक्ष्या-प्राण्यांनी उष्टावलेले फळ खाऊ नये, ही खबरदारी मात्र रास्तच आहे.

हाच प्रश्न मॉरिशसमध्ये अधिक तीव्रतेने उभा राहिला. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज या देशात आजही नांदत आहेत. लिची व आंब्याच्या बागायतदारांच्या तक्रारींवरून तेथील सरकारने २०१५ व २०१६ मध्ये मिळून सुमारे अडतीस हजार वटवाघळे मारली. त्यानंतर फळांचे उत्पादन काही वाढले नाही. उलट २०१८ मध्ये ही जात जागतिक यादीत 'संकटग्रस्त' ठरली.

त्याच देशाचे रॉड्रिग्ज बेट तेथून सुमारे ५६० किलोमीटर पूर्वेस आहे. तेथील बहुसंख्य रहिवासी कॅथलिक आहेत. जंगलतोड व चक्रीवादळांमुळे १९७० च्या दशकात या बेटावरील सोनेरी वटवाघळे शंभरच्या आत आली होती. १९९८ पासून मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने शाळाशाळांतून व वस्त्यांतून शिक्षणकार्य चालविले. वटवाघूळ दूरवर बी टाकते आणि त्यातून रान उभे राहते, हे मुले शिकली व त्यांनी ते घरी सांगितले. आज तेथे सुमारे वीस हजार वटवाघळे आहेत. अर्थात सारे श्रेय शिक्षणाचे नव्हे. वनीकरणाचाही त्यात वाटा आहे, शिवाय मॉरिशससारख्या मोठ्या लिचीबागा तेथे नाहीत.

आपल्याकडे मोह व काटेसावरीचे परागीभवन वटवाघळे करतात; वड, उंबराचे बी तीच पसरवितात. तरीही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने फळभक्षी वटवाघळांना उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकले होते. ती यादीच २०२२ च्या दुरुस्तीने वगळली. लोकांच्या मनातील यादी मात्र तशीच आहे.

ती पुसण्यासाठी केवळ प्राणिप्रेमाचे धडे पुरणार नाहीत, कारण बागायतदाराचे नुकसान खरे आहे. मॉरिशसमध्ये झाडांवर जाळी घातल्याने फळे वाचतात, असे दिसून आले आहे. मार्केट यार्डात बागायतदार आणि आडते रोज भेटतात. जाळीचा खर्च किती आणि वाचलेल्या फळाचा भाव किती, हा हिशेब तेथेच एखाद्या गाळ्यावर मांडून दाखविता येईल.