चोचीतला हिशेब

मुंबईत वडाळा रोडनंतर हार्बर लाइनवर शिवडी येतं. पूर्वेला उतरून, ट्रकच्या गर्दीतून वाट काढत जेट्टीवर पोचलं की आधी वास येतो, मग खाडीच्या चिखलावरचा फ्लेमिंगोंचा गुलाबी पट्टा दिसतो.

मोजणारे एकेक पक्षी मोजत बसत नाहीत. शंभरांचा घोळका नजरेत बसवायचा आणि तसे किती घोळके आहेत ते बघत जायचं. जानेवारी 2019 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (बीएनएचएस) मोजणीत ठाणे खाडीतले फ्लेमिंगो सुमारे 1 लाख 20 हजार भरले. त्यातले बहुतेक धाकटे रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो. मथळा होतो तो याच आकड्याचा. मला तो त्यातल्या त्यात साधा वाटतो. खरी गंमत चोचीत आहे.

धाकटा रोहित मान खाली घालून चोच पाण्यात उलटी धरतो. जीभ पाणी आत ओढते, बाहेर फेकते. सेकंदाला 20 वेळांपर्यंत. तासभर असं चाललं तर 72 हजार वेळा. चोचीच्या आतल्या कडांना सुमारे 10 हजार सूक्ष्म पापुद्रे असतात. पाणी निघून जातं, डोळ्यांना न दिसणारं शेवाळ त्यांत अडकतं. पिसांचा गुलाबी रंगही त्या शेवाळातूनच येतो. पिल्लं राखाडी असतात.

पूर्व आफ्रिकेतल्या सरोवरांवरच्या अभ्यासानुसार एका पक्ष्याला रोज साधारण 60 ग्रॅम शेवाळ लागतं, तेही वाळवून तोललेलं. हाच हिशेब लाखभर पक्ष्यांना लावला तर रोजचे 6 टन! वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवरचा एक ट्रक रोज भरायचा, आणि माल सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याजोगा. तो पिकतो कशावर? खाडीत जाणाऱ्या आपल्या सांडपाण्यावरही, असं अभ्यासक सांगतात. नाक दाबणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

2015 साली जाहीर झालेलं 1,690 हेक्टरांचं फ्लेमिंगो अभयारण्य उत्तरेला, ऐरोली ते वाशी पुलांदरम्यान आहे. शिवडीचा चिखल त्याच्या हद्दीत नाही, पण पक्ष्यांना हद्दीशी काय देणंघेणं? ते बघतात भरती-ओहोटी.

जाणाऱ्यानेही तेच बघावं. पूर्ण ओहोटीला थवे फार लांब जातात, पूर्ण भरतीला चिखलच उरत नाही. मधली वेळ गाठायची. ती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत जवळजवळ सहा तास होतात, म्हणजे गेल्या रविवारी ज्या वेळेला भरती होती, त्याच वेळेला या रविवारी ओहोटी.