मार्गसंगम, बहुस्तरीय

दोन किंवा अधिक रस्ते एकमेकांना निरनिराळ्या पातळ्यांवर ओलांडतात आणि जोडमार्गांच्या साहाय्याने वाहने एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकतात, अशा रचनेस बहुस्तरीय मार्गसंगम म्हणतात. जोडमार्ग नसलेला नुसता उड्डाणपूल या संज्ञेत येत नाही. द्रुतगती मार्गावर चौक व सिग्नल ठेवता येत नसल्याने त्यावरील प्रवेश व निर्गमन अशा संगमांतूनच होते.

प्रकार : द्रुतगती मार्ग व स्थानिक रस्ता यांच्यासाठी समचतुर्भुजाकृती संगम सर्वांत सोपा असतो. त्यास एक पूल व चार जोडमार्ग पुरतात. मात्र स्थानिक रस्त्यावर सिग्नल लागतात. दोन द्रुतगती मार्गांसाठी क्लोव्हरलीफ हा प्रकार रूढ झाला. त्याचे पेटंट आर्थर हेल यांना १९१६ मध्ये मिळाले आणि अमेरिकेतील असा पहिला संगम १९२९ मध्ये न्यू जर्सीतील वुडब्रिज येथे झाला. उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीत डावीकडे वळणारे वाहन पूल ओलांडून उजवीकडे २७०° चे वळण घेते. भारतात याच्या उलट होते. एका वळसामार्गावरून येणारी व लगतच्या वळसामार्गाकडे जाणारी वाहने थोड्याच अंतरात एकमेकांची वाट ओलांडतात, हा यातील मुख्य दोष होय. रहदारी वाढली, की तेथेच कोंडी व अपघात होतात. हा दोष टाळणारा चार पातळ्यांचा संगम लॉस अँजेल्स येथे १९५३ मध्ये पूर्णपणे खुला झाला. त्यास पूल अधिक लागतात व खर्चही पुष्कळ येतो.

अभिकल्प : प्रथम रहदारीची गणना करून सु. २० वर्षांनंतरच्या रहदारीचा अंदाज बांधतात. त्यावरून जोडमार्गांची रुंदी, वळणांची त्रिज्या व चढ ठरतात. वेग वाढविण्यास व कमी करण्यास स्वतंत्र मार्गिका द्याव्या लागतात. नागरी भागात दोन संगमांत सु. १·६ किमी. अंतर असावे, असा अमेरिकेतील संकेत आहे.

वाढत्या उपनगरात हे अंदाज लवकर चुकतात. व्हर्जिनियातील स्प्रिंगफील्ड येथील संगम हे याचे ठळक उदाहरण होय. आंतरराज्य मार्ग क्र. ९५ सरळ वॉशिंग्टन शहरातून न्यावयाचा होता. ती योजना १९७७ मध्ये सोडून देऊन तो शहराभोवतीच्या वळणमार्गाच्या पूर्वार्धावरून नेण्यात आला. त्यामुळे लांब पल्ल्याच्या वाहनांना याच संगमावर वळावे लागू लागले व त्यांत उपनगरातील रोजची रहदारी मिसळली. १९९९ ते २००७ या काळात येथे ५० हून अधिक पूल बांधून स्थानिक व दूरगामी रहदारी वेगळी करण्यात आली.

बांधकाम : जुना संगम बंद करता येत नसल्याने काम टप्प्याटप्प्यांनी करतात. आधी जलवाहिन्या, वीजतारा इ. हलवितात, नंतर तात्पुरते वळणरस्ते करून पाया व खांब उभारतात. तुळया बहुधा रात्री, रहदारी थोडा वेळ थांबवून बसवितात. मऊ जमिनीवरील भराव पुरेसा खचेपर्यंत थांबावे लागते, अन्यथा पुलाच्या तोंडाशी रस्ता दबतो.

संगमामुळे लगतच्या जमिनीचे मूल्य वाढते, तेथे बाजारपेठा व कार्यालये येतात आणि त्यांची रहदारी पुन्हा त्याच संगमावर पडते. पुढील विस्तारास लागणारी जमीन वस्ती दाट होण्यापूर्वी राखून ठेवली नाही, तर नंतर घरे पाडणे किंवा अधिक उंच व महाग पूल बांधणे यांवाचून गत्यंतर उरत नाही.