बाहेरच्या भिंतीला कोणता रंग? आधी पाहा दिघोरीचे ऊन आणि पाऊस

घराचे प्लास्टर झाले की रंगाच्या दुकानातून शेड कार्ड घरी येते आणि वाद सुरू होतो. मुलाला गडद निळा हवा असतो, आईला फिकट पिवळा आणि वडिलांना ‘मळणार नाही असा कोणताही’. भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरी (मोठी) सारख्या गावात हा निर्णय केवळ आवडीवर सोडता येत नाही. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि जूनपासून चार महिने भिंती ओल्या राहतात. रंग चुकला तर दोन-तीन वर्षांत तो विटतो आणि उन्हाळ्यात घरही जास्त तापते. घरकुल असो की स्वतःच्या पैशाचे घर, रंगाची वेळ येईपर्यंत हातात थोडेच पैसे उरलेले असतात. म्हणून आधी हिशेब समजून घेतलेला बरा.

गडद रंगाने घर खरेच तापते का?

होय. भिंतीवर पडणाऱ्या उन्हापैकी काही परत फेकले जाते आणि उरलेले भिंत शोषून घेते. स्वच्छ पांढरी भिंत साधारण ७० ते ८० टक्के ऊन परत पाठवते. गडद निळ्या, चॉकलेटी किंवा काळपट भिंतीकडून जेमतेम १० ते २० टक्के परत जाते. शोषलेली उष्णता विटा आणि सिमेंटमध्ये साठते आणि रात्री हळूहळू आत उतरते. दिवसभर तापलेल्या खोलीत रात्री पंखाही गरम हवा देतो, त्यामागचे एक कारण हेच.

कोणती बाजू सर्वात महत्त्वाची?

दिघोरी साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे ऐन नवतप्यात, दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर फारसे ऊन पडत नाही. सर्वाधिक मारा स्लॅबवर आणि त्यानंतर पूर्व-पश्चिम भिंतींवर होतो. दुपारी हवा आधीच तापलेली असते, म्हणून पश्चिमेची भिंत अधिक त्रास देते.

याचा अर्थ सोपा आहे. गडद रंगाची हौस असेल तर ती वऱ्हांड्याच्या सावलीतल्या भिंतीवर, खांबांवर किंवा खिडकीच्या चौकटीभोवती भागवावी. पश्चिमेची भिंत फिकटच ठेवावी. रंगाच्या पैशातून थोडे वाचवून स्लॅब पांढरा केला, तर त्याचा फायदा कोणत्याही भिंतीपेक्षा जास्त मिळतो. तेलंगणा सरकारने २०२३ मध्ये खास थंड छतांसाठी पाच वर्षांचे धोरण आणले, ते याच कारणासाठी. मात्र स्लॅबवर पाणी साचते. तिथे भिंतीचा रंग टिकत नाही. छतासाठीचा वेगळा पांढरा लेप घ्यावा लागतो. तेवढे बजेट नसेल तर दरवर्षी मार्चमध्ये चुन्याचे दोन हात मारले तरी चालते.

मग जुने लोक काय करत?

कवेलूच्या घरांच्या मातीच्या भिंती पांढऱ्या मातीने पोतारल्या जात किंवा त्यांना चुना लावला जाई. खाली जोत्याला गेरूचा पट्टा असे. त्यात सोय होती. पांढरा भाग ऊन परवत असे आणि अंगणातून उडणारा चिखल गेरूच्या पट्ट्यावर दिसत नसे. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कठीण होतो, म्हणून ताजा चुना हाताला लागतो आणि जुना कमी लागतो. आजच्या सिमेंटच्या घरालाही ही विभागणी लागू पडते. वर फिकट रंग आणि खाली दोन ते अडीच फुटांपर्यंत विटकरी किंवा गडद राखाडी पट्टा ठेवावा.

पूर्ण पांढराच द्यावा का?

गरज नाही. पांढऱ्यावर शेवाळाचे काळे-हिरवे ओघळ लगेच दिसतात. उत्तरेच्या भिंतीला ऊन कमी मिळते, म्हणून ती उशिरा वाळते आणि तिथे शेवाळ आधी येते. मोरीच्या व पाण्याच्या टाकीच्या बाजूचेही तसेच. मलई, फिकट पिवळा, फिकट राखाडी, वाळूचा रंग या छटा उन्हालाही बऱ्या आणि डागही थोडे लपवतात. फिकट गुलाबीही याच गटातला. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्यातल्या भिंतघर गावाने तर घरे गुलाबी रंगवून ‘गुलाबी गाव’ अशी ओळख मिळवली.

कोणते रंग लवकर विटतात?

चमकदार लाल, जांभळा, गुलबक्षी, झगझगीत पिवळा आणि पोपटी यांत बहुधा सेंद्रिय रंगद्रव्ये असतात. उन्हातील अतिनील किरणांनी ती तुटतात. गेरू, पिवळी माती, तपकिरी आणि विटकरी छटा लोहाच्या ऑक्साइडपासून बनतात. त्या वर्षानुवर्षे टिकतात. शिवाय गडद आणि भडक छटांमध्ये रंगद्रव्य जास्त घालावे लागते, म्हणून त्याच कंपनीच्या त्याच प्रकारात त्या महाग पडतात. म्हणजे पैसे जास्त आणि टिकाऊपणा कमी.

कार्डावरची छटा भिंतीवर वेगळी का दिसते?

कार्डावरचा चौकोन बोटभर असतो आणि आपण तो खोलीत पाहतो. बाहेरच्या कडक उजेडात फिकट छटा आणखी फिकी, जवळजवळ पांढरी भासते. भडक रंग मात्र मोठ्या भिंतीवर अधिकच अंगावर येतो. मोबाइलच्या पडद्यावरचा रंग तर आणखी वेगळा. उपाय एकच: नमुन्याचा छोटा डबा आणून पूर्व आणि पश्चिम भिंतीवर तीन बाय तीन फुटांचे चौकोन रंगवावेत. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पाहून मगच ठरवावे.

रंग किती लागेल?

२० बाय २५ फुटांच्या आणि १० फूट उंचीच्या घराची चारही बाजूंची लांबी ९० फूट होते. म्हणजे भिंती ९०० चौरस फूट. दारे-खिडक्यांचे १०० वजा केले तर ८०० उरतात. बाहेरचा इमल्शन रंग दोन हातांत लिटरमागे साधारण ५० ते ६० चौरस फूट चालतो. म्हणजे सुमारे १५ लिटर. सगळा रंग एकाच बॅचचा घ्यावा. वेगवेगळ्या बॅचचे डबे आले तर मोठ्या टपात एकत्र करून घ्यावेत, नाहीतर भिंतीच्या मध्येच छटा बदलते.

दिवाळीपूर्वी की नंतर?

बहुतेकांना दिवाळीपूर्वी रंग हवा असतो. पण पावसाळा नुकताच संपलेला असतो आणि भिंतीच्या आत ओल असते. अशा भिंतीवर रंग दिला की फुगे येतात, पोपडे निघतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वात चांगला. एप्रिल-मेच्या तापलेल्या भिंतीवर रंग झटकन वाळतो आणि नीट धरत नाही.

नवे प्लास्टर किमान महिनाभर वाळू द्यावे. ताज्या सिमेंटमधील क्षार रंग खातात आणि पांढरा लोणा बाहेर येतो. जुन्या चुन्यावर थेट इमल्शन देऊ नये. चुना खरवडून, भिंत धुऊन, वाळवून आधी प्रायमर द्यावा. शेवाळ असेल तर ते ब्रशने घासून काढावे; वरून रंग दिला तर ते पुन्हा वर येते.

दुकानात जाण्यापूर्वी

भिंतींचे माप, पश्चिम आणि उत्तर भिंतीचे फोटो आणि बजेट सोबत न्यावे. प्रायमरचा आणि पेंटरच्या मजुरीचा खर्च आधी बाजूला काढावा; उरलेल्या पैशात रंग निवडावा. महाग रंग घेऊन प्रायमर वाचवण्यापेक्षा मध्यम दर्जाचा रंग प्रायमरसह दिलेला जास्त टिकतो. काम झाल्यावर छटेचा क्रमांक आणि रंगाचा प्रकार वहीत लिहून ठेवावा. पुढच्या पावसानंतर एखादी भिंत दुरुस्त करायची वेळ आली, तर त्याच एका ओळीमुळे पूर्ण घर पुन्हा रंगवण्याचा खर्च वाचू शकतो.