बालपणाच्या जखमा मोजणारी यादी आणि तिच्यात नसलेला प्रश्न

वस्त्यांमध्ये मुलांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या कानावर हल्ली ‘एसीई स्कोअर’ हा शब्द पडतो. बालपणातील प्रतिकूल अनुभवांचे गुण, असा त्याचा अर्थ. हे गुण येतात कुठून, हे आपल्या तरुणांनी समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

१९८५च्या सुमारास अमेरिकेतील सॅन दिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करत होते. ज्यांचे वजन चांगले उतरत होते, नेमके तेच रुग्ण मध्येच उपचार सोडत. विचारपूस केल्यावर त्यांतील अनेकांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले. पुढे डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासह त्यांनी मोठा अभ्यास केला. १९९८च्या पहिल्या शोधनिबंधात प्रतिकूल अनुभवांचे सात प्रकार होते, नंतर ते दहा झाले: शारीरिक, मानसिक व लैंगिक अत्याचार, दोन प्रकारचे दुर्लक्ष, आईला मारहाण, घरातील व्यसन, मानसिक आजार, तुरुंगवास आणि आईवडिलांची ताटातूट.

प्रत्येक प्रकाराला एक गुण. तो प्रकार किती वर्षे चालला याचा हिशेब नाही. तरीही निष्कर्ष हादरवणारे होते. चार किंवा अधिक प्रकार सोसलेल्यांमध्ये दारूचे व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट आढळला.

पण उत्तरे देणारे कोण होते? आरोग्य विमा असलेले, बहुतांश गोरे, बरेचसे कॉलेज शिकलेले. आणि बहुतेक प्रश्न घराच्या चार भिंतींतले. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शिपाई नसेल तर पाणी मिळत नसे. या यादीत त्या अनुभवाला गुण शून्य! उलट बाप दारू पितो म्हणून आपल्या वस्तीतल्या मुलाला लगेच एक गुण. म्हणजे दोष घराचा, शाळा आणि गाव मोकळे.

ही उणीव फिलाडेल्फियातील संशोधकांनी ओळखली. २०१२-१३ मध्ये १,७८४ प्रौढांना त्यांनी भेदभाव, परिसरातील हिंसा, असुरक्षित वस्ती, दादागिरी, पालकांविना परक्या घरी वाढणे याबद्दलही विचारले. जुन्या यादीत शून्यावर राहिली असती अशी माणसे तेव्हा मोजणीत आली. भेदभावाचा प्रश्न तिथे वंशाला धरून होता. आपल्याकडे तो जातीला धरून, शाळेतले बसणे, पाणी, आडनावावरून होणारी चौकशी अशा नेमक्या शब्दांत विचारावा लागेल.

आणखी एक गोष्ट. हे गुण समूहाचे चित्र पाहण्यासाठी आहेत. एका मुलाचे भविष्य त्यावरून सांगता येत नाही, असे स्वतः अँडा यांनी २०२० मध्ये बजावले आहे. त्यामुळे कुणी फॉर्म घेऊन वस्तीत आले, तर आधी दोन गोष्टी विचारा: जातीचा प्रश्न कितव्या क्रमांकावर आहे, आणि उत्तर देताना मूल रडले तर त्याच्याजवळ कोण बसणार आहे?