मत मोजण्याआधी रेघ कुणी ओढायची? आयर्लंडची फाळणी आणि संमतीचा प्रश्न

मागच्या व्याख्यानात आपण लॉकचा संमतीचा सिद्धान्त पाहिला. शासितांची संमती नसेल तर सत्तेला नैतिक अधिकार नाही, हे त्याचं सार. ऐकायला सरळ वाटतं. पण 'संमती कुणाची?' असं विचारलं की गाडी अडते. कुठे अडते, हे बघायला आज आपण आयर्लंडची फाळणी घेऊ. टिळकांच्या काळापासून तो देश आपल्याला अगदीच परका नाही. 'होमरूल' हा शब्द आपल्याकडे तिथूनच आला.

आधी दोन्ही बाजूंचे दाखले पाहू. डिसेंबर १९१८ च्या ब्रिटिश पार्लमेंटच्या निवडणुकीत आयर्लंडमधल्या १०५ जागांपैकी ७३ जागा शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षाने जिंकल्या. त्यातल्या २५ बिनविरोध होत्या. राष्ट्रवाद्यांचं म्हणणं असं, की बेट एक, जनता एक आणि कौल स्पष्ट. दुसरीकडे, १९१२ मध्ये उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात सुमारे साडेचार लाख स्त्री-पुरुषांनी होमरूलच्या विरोधात प्रतिज्ञापत्रांवर सह्या केल्या होत्या. हे बहुतांशी प्रॉटेस्टंट, ब्रिटनशी जोडलेलं राहू इच्छिणारे, म्हणजे युनियनवादी. त्यांचा प्रश्न असा, की आमची संमती नसताना डब्लिनने आमच्यावर राज्य का करावं?

म्हणजे लक्षात घ्या, संमतीचं तत्त्व दोघांनाही मान्य आहे. वाद आहे तो मोजणी कोणत्या कुंपणाच्या आत करायची याचा. संपूर्ण ब्रिटिश राज्य धरलं तर आयरिश राष्ट्रवादी अल्पसंख्य. बेट धरलं तर युनियनवादी अल्पसंख्य. अल्स्टरमध्ये नऊ काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग. त्या सगळ्या धरल्या तर प्रॉटेस्टंटांचं बहुमत थोडंसंच उरतं. म्हणून युनियनवादी नेत्यांनी सहाच काउंटी पसंत केल्या. तिथे ते सुमारे दोन-तृतीयांश होते. १९२० च्या कायद्याने तेच झालं आणि १९२१ मध्ये उत्तर आयर्लंड अस्तित्वात आलं. पण त्या सहांतल्या फर्मानाह आणि टायरोन या दोन काउंटींत कॅथलिक बहुसंख्य होते. त्यांच्या संमतीचं काय? १९२१ च्या करारात रहिवाशांच्या इच्छेनुसार सीमा तपासायला आयोग नेमायचं ठरलं, आयोग नेमलाही गेला. पण १९२५ मध्ये ते प्रकरण बासनात गुंडाळलं गेलं. सीमा होती तिथेच राहिली.

ही उतरंडच आहे. प्रत्येक मडक्याखाली आणखी एक मडकं, आणि प्रत्येकात एक नवा अल्पसंख्याक. कुठे थांबायचं, हे मतदान सांगू शकत नाही, कारण मतदार कोण हे आधी ठरल्याशिवाय मतदानच होत नाही. रूसोने हे ओळखलं होतं. बहुमताचा निर्णय पाळायचा, हे बहुमताने ठरत नाही. त्यासाठी आधी एकदा तरी सगळ्यांचं एकमत गृहीत धरावं लागतं. ते नसेल तर उरतं काय? ज्याच्या हाती ससा तो पारधी.

'तिथे राहिले म्हणजे संमती दिलीच की', असं कुणी म्हणेल. ह्यूमचं उत्तर आठवा. झोपेत जहाजावर चढवलेला माणूस समुद्रात उडी मारत नाही, म्हणून त्याने कप्तानाला संमती दिली असं म्हणता येत नाही. डेरीतल्या कॅथलिकाची गत तीच होती. उत्तर आयर्लंडमध्ये १९२१ ते १९७२ सलग एकाच पक्षाचं सरकार होतं. १९७३ मध्ये सीमेवर जनमत घेतलं, तेव्हा जवळजवळ ९९ टक्के मतं ब्रिटनच्या बाजूने पडली. कारण राष्ट्रवाद्यांनी मतदानावर बहिष्कार घातला होता. आकडा प्रचंड होता, पण त्याने वाद मिटला नाही.

अल्पसंख्याकांना हमी दिली की झालं, हेही पुरेसं नाही. आंबेडकरांनी पाकिस्तानविषयीच्या ग्रंथात आयरिश नेते रेडमंड आणि कार्सन यांचा दाखला दिला आहे. रेडमंड हवी ती संरक्षणं द्यायला तयार. कार्सनचं म्हणणं, संरक्षणं नकोत, मुळात तुमचं राज्यच नको.

मग १९९८ च्या करारात वेगळं काय झालं? आमच्या मते, तिथे संमतीचे दोन प्रश्न सुटे केले गेले. सीमा कुठे असावी, हे उत्तर आयर्लंडमधल्या साध्या बहुमताने ठरेल, आणि एकीकरणासाठी दक्षिणेचीही संमती लागेल. पण सीमा कुठेही असो, उत्तरेतला रोजचा कारभार दोन्ही समाजांनी मिळून करायचा. राष्ट्रवाद्यांनी सहा काउंटींचं कुंपण मोजणीसाठी मान्य केलं. युनियनवाद्यांनी मान्य केलं की उद्या बहुमत फिरलं तर आपण जाऊ. मे १९९८ मध्ये एकाच दिवशी दोन्हीकडे मतदान झालं. उत्तरेत ७१ टक्के आणि दक्षिणेत ९४ टक्के लोकांनी होकार दिला. कुंपणाचा वाद संपला नाही, पण तो कसा सोडवायचा याला या वेळी दोन्ही बाजूंची संमती होती.

अडचण उरतेच. उद्या ५० टक्क्यांवर एक मत जास्त पडून आयर्लंड एक झालं, तर आजचा युनियनवादी १९२१ च्या कॅथलिकाच्या जागी जाऊन बसेल. नियमाप्रमाणे निकाल वैध असेल. पण हरलेला माणूस त्या राज्याला आपलं म्हणेल का, हे मतपेटीतून कळणार नाही. जिंकलेले दुसऱ्या दिवसापासून त्याच्याशी कसे वागतात, त्यावरून ते ठरेल. म्हणून संमती ही एकदा मोजून कपाटात ठेवायची वस्तू नाही, एवढं आज लक्षात ठेवू आणि इथे थांबू.