पंपाविना वाहणारं उनपदेवचं गोमुख

मुंबईचं फ्लोरा फाउंटन 1864 सालचं. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, शिल्पकाम जेम्स फोर्सिथ यांचं आणि घडण पोर्टलंड दगडाची. कारंज्यांची गोष्ट निघाली की सगळे तिकडेच पाहतात. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या सातपुड्याच्या कुशीत मात्र गोमुखातून गरम पाण्याची धार पडते, नळ आणि मोटारीशिवाय. ते उनपदेव!

हे पाणी तापतं कसं? इथे जिवंत ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी बेसाल्ट खडकांच्या भेगांतून खोल मुरतं. जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं. तापलेलं पाणी पुन्हा भेगांतूनच वर येतं. नर्मदा-तापीच्या पट्ट्यात भूकवचाला मोठे तडे आहेत, म्हणून या भागात गरम पाण्याचे झरे बरेच. जळगावच्या चोपडा तालुक्यातही अडावदजवळ याच नावाचा झरा आहे.

आणि कला? ती या गोमुखातच आहे. जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्याला एका धारेचं रूप देणं, तिच्याखाली माणसाला उभं राहून अंघोळ करता येणं, ही अस्सल कारागिरी. मंदिरांत आणि तीर्थकुंडांवर ती पिढ्यान् पिढ्या जपली गेली. शहाद्याकडे गेलात तर वाट वाकडी करून उनपदेवला जाच, आणि साबण घरीच ठेवा.