चौथा आला, पण भाव खाऊन गेला!

मॉस्को, २०१५. चायकोव्हस्की स्पर्धेत पहिला नंबर एकाचा आणि चर्चा मात्र भलत्याचीच! सूर निसटले तरी पब्लिक एखाद्यावर एवढं फिदा का होतं?

सोमवारची सकाळ. ऑफिसमध्ये दोघांची प्रेझेंटेशन्स. पहिल्याचं एकदम चकाचक. स्लाइड्स वेळेवर, आकडे तोंडपाठ, टाय सरळ. दुसरा मध्येच अडखळतो, एक मुद्दा विसरतो, पण तो बोलत असताना एकही जण मोबाइलकडे बघत नाही. अप्रेझलमध्ये मार्क कुणाला जास्त पडतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि लंच टेबलवर चर्चा कुणाची होते, तेही!

डिट्टो हाच प्रकार जून २०१५मध्ये मॉस्कोत घडला. फरक इतकाच, की प्रोजेक्टरच्या जागी पियानो होता आणि कॉन्फरन्स रूमच्या जागी मॉस्को कॉन्झर्व्हेटरीचा ग्रेट हॉल. निमित्त होतं पंधराव्या आंतरराष्ट्रीय चायकोव्हस्की स्पर्धेचं. पियानोवाल्यांसाठी हे म्हणजे ऑलिम्पिकच. फायनलला सहा जण पोचले. सुवर्णपदक मिळालं रशियाच्या दिमित्री मास्लेएवला. आणि सहा जणांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर, म्हणजे खरं तर सगळ्यात खाली, नाव होतं लुकास देबार्ग. फ्रान्सचा, वय वर्षं २४.

पण स्पर्धा संपल्यावर लोकांच्या तोंडी नाव होतं ते याच चौथ्याचं!

कोण हा पोरगा?

क्लासिकल पियानोच्या जगात करिअरचा एक ठरलेला मार्ग असतो. चौथ्या-पाचव्या वर्षी स्टुलावर बसायचं, सातव्या-आठव्या वर्षी पहिला जाहीर कार्यक्रम, मग नामांकित कॉन्झर्व्हेटरी, मग स्पर्धांवर स्पर्धा. आपल्याकडे कशी आठवीपासून आयआयटीची तयारी सुरू होते, तसंच.

देबार्गचा बायोडेटा या साच्यात अजिबात बसत नाही. पियानोला हात लावला तोच दहा-अकरा वर्षांचा असताना. सतराव्या वर्षाच्या आसपास त्याने पियानो चक्क सोडून दिला. कॉलेजात साहित्य शिकला, रॉक बँडमध्ये बास गिटार वाजवली, पोटापाण्यासाठी सुपरमार्केटमध्ये काम केलं. पियानोकडे परत वळला तेव्हा वय होतं वीस. या वयात बाकीचे स्पर्धक ट्रॉफ्यांसाठी शोकेस विकत घेत असतात!

पॅरिसमध्ये त्याला गुरू भेटल्या त्या रेना शेरेशेव्स्काया. शिष्याला उशीर झालाय, हे त्यांना दिसत होतंच. पण याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे, हेही दिसत होतं. जेमतेम चार वर्षांच्या शिस्तीतल्या तालमीनंतर हा पठ्ठ्या मॉस्कोच्या स्टेजवर जाऊन बसला. मोठ्या ऑर्केस्ट्रासोबत वाजवण्याचा अनुभव? जवळपास नाहीच.

हॉल गप्प झाला तो क्षण

देबार्गची हवा झाली ती दुसऱ्या फेरीत. त्याने दोनच रचना निवडल्या होत्या, आणि दोन्ही कठीण.

पहिली होती निकोलाय मेट्नरची सोनाटा. मेट्नर मॉस्कोत जन्मला, १९२१मध्ये त्याने रशिया सोडला आणि १९५१मध्ये तो लंडनला वारला. बाहेरच्या जगात त्याचं संगीत फारसं वाजत नाही. आता विचार करा, परदेशातून आलेला एक अनोळखी मुलगा मुंबईच्या स्टेजवर आपल्याच एखाद्या विस्मृतीत गेलेल्या नाटककाराचा प्रवेश जीव ओतून करतोय. काय होईल? मॉस्कोच्या रसिकांचं तेच झालं. खुर्चीत मागे रेलून बसलेले लोक पुढे सरकले.

दुसरी रचना होती राव्हेलची १९०८ सालची ‘गास्पार द ला न्युई’. पियानोवादकांची झोप उडवणारी चीज! हिच्यातला तिसरा भाग राव्हेलने मुद्दाम, तोपर्यंत सगळ्यात अवघड मानल्या गेलेल्या एका रशियन रचनेवर मात करण्यासाठी लिहिला होता. पण मजा दुसऱ्या भागात आहे. तिथे एकच सूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत, लांबवरच्या घंटेसारखा वाजत राहतो. आपल्याकडे तानपुरा जसा मागे धरून ठेवतो, काहीसं तसंच. बोटांची कसरत तिथे फारशी नाही. खरा कस लागतो तो त्या एका सुराचं वजन सांभाळण्यात. घंटा जरा जोरात पडली तर खेळ खलास, हळू पडली तर कुणाला ऐकूच येणार नाही.

स्पर्धा इंटरनेटवर लाइव्ह दाखवली जात होती. त्याचं रेकॉर्डिंग आजही बघायला मिळतं. ते बघताना माझं लक्ष त्याच्या हातांपेक्षा हॉलकडे जास्त गेलं. मॉस्कोचं पब्लिक तसं बोलकं. फुलं घेऊन स्टेजपर्यंत येणारं, आवडलं की एका ठेक्यात टाळ्या वाजवत राहणारं. तेच पब्लिक इथे श्वास रोखून बसलं होतं. आणि रचना संपल्यावर जो गजर झाला, तो ‘वा, किती फास्ट वाजवलं’ या जातीचा नव्हता.

मग चुकलं कुठे?

फायनलला. तिथे ऑर्केस्ट्रासोबत दोन कॉन्चर्टो वाजवायचे होते, चायकोव्हस्कीचा पहिला आणि लिस्टचा दुसरा. आता ऑर्केस्ट्रासोबत वाजवणं म्हणजे साठ-सत्तर जणांसोबत एकत्र श्वास घेणं. ते पुस्तक वाचून येत नाही, अनुभवानेच येतं. देबार्गचे काही सूर निसटले, कुठे ऑर्केस्ट्राशी सांधा नीट जुळला नाही. बाकीचे फायनलिस्ट यात कितीतरी सराईत. निकाल लागला आणि साहेब चौथे.

ज्युरींवर राग काढण्यात मात्र अर्थ नाही. त्यांचंही एक गणित असतं. फायनलला सहा वेगवेगळ्या स्वभावांचे कलाकार असतात, त्यांची तुलना करायची तर काहीतरी मोजता यायला हवं. निसटलेला सूर मोजता येतो, घशात आलेला आवंढा नाही मोजता येत. शिवाय पदक मिळालं की दुसऱ्याच महिन्यापासून मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांसोबत दौरे सुरू होतात. त्या दडपणात हा टिकेल का, हेही त्यांना बघावं लागतं.

पण हॉलमधल्या लोकांना असलं टेन्शन नव्हतं. आणि मॉस्कोच्या संगीत समीक्षकांनाही! त्यांच्या संघटनेने आपलं खास पारितोषिक दिलं ते देबार्गला. संयोजक व्हॅलेरी गेर्गिएव्ह यांनी त्याला विजेत्यांच्या गाला कॉन्सर्टमध्येही वाजवायला लावलं. चौथ्या नंबरसाठी हे म्हणजे अतीच झालं! पुढे सोनीने त्याचा पहिला अल्बम २०१६मध्ये काढला. तो स्टुडिओत घासूनपुसून केलेला नव्हता, लोकांसमोर झालेल्या मैफलीचं ते रेकॉर्डिंग होतं.

चुकीचे सूर, बडी नावं

गंमत बघा. हे रेकॉर्डिंग झालं पॅरिसच्या ‘साल कॉर्तो’ या हॉलमध्ये. आणि देबार्ग शिकला तीही कॉर्तोच्याच नावाची संस्था, १९१९मध्ये सुरू झालेली. आता हे आल्फ्रेड कॉर्तो कोण? विसाव्या शतकातले एक थोर पियानोवादक आणि चुकीच्या सुरांसाठी तितकेच प्रसिद्ध! त्यांच्या जुन्या रेकॉर्ड्समध्ये चुका अगदी स्पष्ट ऐकू येतात. तरीही शॉपँ म्हटलं की जाणकार आजही आधी कॉर्तोंकडे वळतात. सूर चुकला तरी वाक्य कुठे चाललंय हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं, म्हणून.

दुसरी गोष्ट व्लादिमिर होरोविट्झ यांची. बारा वर्षं स्टेजपासून लांब राहिल्यावर ९ मे १९६५ रोजी ते न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये परतले. जगातला सर्वात धाकात ठेवणारा पियानिस्ट... आणि पहिल्याच रचनेच्या सुरुवातीला सूर चुकला! लोकांनी काय केलं? त्यांना डोक्यावर घेतलं. रेकॉर्ड कंपनीने मात्र बाजारात आणताना काही जागा दुरुस्त केल्या. जशी झाली तशी, चुकांसकट मैफल बाहेर आली ती थेट २००३मध्ये. आणि अनेकांना तीच जास्त भावली.

आपल्या पिढीचा लोचा इथेच आहे. आपले कान वाढले ते दुरुस्त केलेल्या रेकॉर्डिंगवर. शंभर तुकडे जोडून केलेलं गाणं आपण नॉर्मल समजतो आणि मग एका दमात वाजवणाऱ्या माणसाकडूनही तीच सफाई मागतो. सीडी, आयपॉड, स्ट्रीमिंग... यंत्रं बदलली, ही सवय मात्र तीच राहिली.

कान की डोळे?

एक इंटरेस्टिंग संशोधन सांगते. चिया-जुंग त्साय या संशोधिकेचा अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतः पियानोवादक असलेल्या त्सायने लोकांना संगीत स्पर्धांमधल्या क्लिप्स दिल्या आणि विजेता ओळखायला सांगितला. काहींना फक्त आवाज, काहींना आवाज बंद केलेला व्हिडिओ. अंदाज कुणाचे बरोबर आले? आवाजाशिवाय नुसतं बघणाऱ्यांचे! आणि यात सामान्य श्रोतेच नाही, व्यावसायिक संगीतकारही होते.

म्हणजे लाइव्ह मैफलीत आपण फक्त ऐकत नसतो. वाकलेली पाठ, सुरापूर्वीचा थांबलेला हात, चुकल्यावर चेहऱ्यावर काय येतं, हे सगळं आपण वाचत असतो. देबार्गची बसण्याची ढब आणि बोटं ठेवण्याची रीत पुस्तकी नव्हती. तो स्वतःच्या वाजवण्याकडे कान देऊन बसलाय, असं वाटायचं. चूक झाली की घाबरून तिथेच अडकणारा कलाकार आपल्यालाही अडकवतो. तो पुढच्या सुराकडे गेला, तर आपणही जातो.

चूक म्हणजे टॅलेंट नव्हे, बरं का!

इथे एक धोक्याची सूचना. ‘मी परफेक्ट नाही, पण मी मनापासून वाजवतो’ हा फंडा आळशांच्या फार कामाचा आहे. देबार्गने ‘गास्पार’ ढिसाळ वाजवली असती, तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. त्या रचनेत हजारो सूर आहेत, त्यातले जवळपास सगळे जागेवर पडल्यावरच निसटलेल्या चार सुरांना माफी मिळते. आणि ऑर्केस्ट्राचा अनुभव कमी पडला, तो पडलाच. त्याची किंमत त्याने मोजली. याच रेना बाईंचा दुसरा शिष्य, अलेक्झांडर कांतोरोव, २०१९मध्ये त्याच स्पर्धेचं सुवर्णपदक घेऊन आला. म्हणजे सफाई आणि जीव, दोन्ही एका जागी राहू शकतात. फक्त निवड करायची वेळ आलीच, तर पब्लिक जिवाच्या बाजूने उभं राहतं.

हे आपल्याला नवीन आहे का? मुळीच नाही. पुण्यात १९५३पासून सवाई गंधर्व महोत्सव चाललाय. तिथल्या मांडवात मातीवर बसून ऐकलेला कुणीही सांगेल, की गाणारा अवघड जागी झेपावतो, थोडा हुकतो आणि समेवर नेमका येऊन पडतो, तेव्हा जी दाद जाते ती सरळ रस्त्याने आलेल्याला मिळत नाही. धोका पत्करणाऱ्याला ‘वा!’ म्हणण्याची आपली जुनी खोड आहे. ती फक्त ऑफिसच्या दाराशी चपलांसारखी काढून ठेवू नका, इतकंच.

लाइव्ह पियानो ऐकायला जाताय? हे लक्षात ठेवा

● टाळी कधी? हल्लीच्या रिवाजाप्रमाणे पूर्ण रचना संपल्यावर. मधल्या थांब्यांवर नाही. पूर्वी असं नव्हतं हं! पॅरिसमध्ये १७७८ साली आपल्या सिंफनीच्या मध्येच टाळ्या पडल्या, हे मोझार्टने वडिलांना खुशीत कळवलं होतं. खात्री नसेल तर कलाकाराने हात खाली घेईपर्यंत थांबा.

● सीट कुठली? शक्य असेल तर स्टेजकडे तोंड करून डावी बाजू. तिथून हात दिसतात. वर वाचलंत ना, डोळेही ऐकतात!

● घरचा अभ्यास? रचना एकदा ऐकून जा, दहादा नको. रेकॉर्ड पाठ झाली की आपण मैफल ऐकत नाही, तपासत बसतो.

● मुंबईत कुठे? नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत पाश्चात्त्य संगीताचे कार्यक्रम होतात. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापनाही तिथलीच, २००६ची.

● आणि सूर चुकला तर? शेजारच्याला कोपर मारू नका. त्याने ऐकलाय. वाजवणाऱ्यानेही ऐकलाय. पुढचा सूर कसा लागतो, ते बघा!